शिपायांचे बिशपस्वामी : पूज्य अनास्तासियुस हार्टमन

हिंगोलीचे नाव निघाले म्हणजे परगावच्या माणसास औंढ्याचा नागनाथ आठवतो, नरसीचे नामदेव महाराज आठवतात. फार झाले तर येथील कापूस आणि हळद. परंतु हे गाव एके काळी छावणीचे गाव होते, ही गोष्ट आता आमच्यांतील वृद्धांखेरीज फारशी कोणाच्या ध्यानात नाही. निजामसरकारच्या राज्यात, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, हैदराबाद कंटिंजंट या नावाची जी फौज असे, तिचे एक ठाणे हिंगोलीस होते. या फौजेच्या खर्चापायी 1853 च्या तहाने निजामास वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करावा लागला. आणि 1903 साली ती फौज हिंदी सैन्यात मिळून गेली, तेव्हा हिंगोलीची छावणीही उठली.

ज्युबिलीच्या या स्मरणिकेत कोणा पुण्यपुरुषाचे चरित्र द्यावे याचा विचार करताना आमच्या मनात ही छावणी वारंवार येत होती. छावणी म्हणजे तोफा व घोडे नव्हेत. छावणी म्हणजे अठरा-वीस वर्षांची मुले. आईबापांपासून दूर, गावच्या देवळापासून दूर, पगार हाती आलेला आणि कान धरणारे कोणी नाही. आमच्या मराठवाड्यातील कितीतरी घरांचे मुलगे आजही सैन्यात आहेत, आणि मुलगा भरती होऊन गेला त्या रात्री त्या घरात काय होते हे आम्ही वाचकांस सांगावयास नको. तेथे याला आजारपणात कोण पाहील, मरणाच्या वेळी याच्याजवळ कोण असेल, हीच ती चिंता. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका परदेशी धर्मगुरूने ही चिंता स्वतःची मानली, आणि केवळ प्रार्थनेवर न थांबता ती कलकत्ता, लंडन व रोम येथपर्यंत नेली. त्यांचे नाव बिशप अनास्तासियुस हार्टमन. त्यांचे कार्यक्षेत्र बिहार आणि मुंबई. तथापि त्यांनी जो प्रश्न लावून धरला तो हिंदुस्थानातील प्रत्येक छावणीचा होता.

स्वित्झर्लंड देशातील लुझर्न प्रांतात आल्टविस म्हणून एक खेडे आहे. तेथे 24 फेब्रुवारी 1803 रोजी त्यांचा जन्म झाला. तो सारा मुलूख त्या काळी जगाला शिपाई पुरविणारा. डोंगराळ जमीन थोडी, पोटे फार. म्हणून धाकटे मुलगे फ्रान्सच्या, नेपल्सच्या, स्पेनच्या राजांची चाकरी पत्करीत. पोपमहाराजांचे स्विस पहारेकरी आजही त्याच परंपरेतले आहेत. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत, 1792 साली, पॅरिसच्या राजवाड्यावर पहारा करणारे शेकडो स्विस शिपाई एका दिवसात कापले गेले. त्यांच्या स्मरणार्थ लुझर्न शहरात खडकात कोरलेला एक मरणोन्मुख सिंह आहे. तो सिंह 1821 साली लोकांस दर्शनार्थ खुला झाला. त्याच साली अठरा वर्षांचा हार्टमन बाडेन येथील कापुचिन मठात दाखल झाला. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आम्ही जोडीत नाही. परंतु परमुलखात मरणारा तरुण शिपाई ही काय वस्तू आहे, हे त्या प्रांतातील माणसास पुस्तकातून शिकावे लागत नव्हते एवढे खरे.

सेंट फ्रान्सिसच्या गरिबीचे व्रत कडकपणे पाळणारे ते कापुचिन. दाढी, तपकिरी झगा, कमरेला दोर. 1825 साली हार्टमन यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी फ्रायबुर्ग व सोलोथुर्न येथील मठांत नवशिक्यांचे गुरू म्हणून आणि तत्त्वज्ञान व धर्मशास्त्राचे अध्यापक म्हणून घालविली. हा काळ आम्ही एका वाक्यात आटोपतो, कारण त्यात बाहेरून सांगण्यासारखे थोडे आहे. परंतु वीस वर्षांच्या मुलाचे मन कोठे ढळते आणि कोठे सावरते, याची पारख त्यांना याच वर्षांत झाली असली पाहिजे. आपणांस मिशनवर धाडावे असा त्यांचा वरिष्ठांकडे आग्रह होता. 1841 मध्ये ते रोमला गेले, तेथे मिशनऱ्यांच्या विद्यालयात काही काळ शिकविले, आणि अखेर वयाच्या चाळिशीत हिंदुस्थानात आले. ज्या वयात लोक आपल्या संसाराची घडी बसली म्हणून टेकावयास पाहतात, त्या वयात त्यांनी नवी भाषा, नवे हवामान आणि नवे लोक पत्करले.

त्यांची पहिली नेमणूक ग्वाल्हेरीस झाली. मराठी वाचकांस या नावाची ओळख करून देण्याचे कारण नाही. 1843 च्या डिसेंबरअखेर महाराजपूर व पनियार या दोन ठिकाणी एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी मोड केला होता, आणि त्या पराभवाची धूळ बसते न बसते तोच हा कापुचिन साधू तेथे आला. शिंद्यांच्या पदरी कॅथलिक सेनानी होते ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येते. मूळ नेपल्सकडील फिलोज घराण्यातील जाँ बातिस्त फिलोज हा त्यांपैकी नामांकित. अशा सरदारांच्या भोवती त्यांचे शिपाई, गोलंदाज, त्यांची बायकामुले असा एक लहान ख्रिस्ती समाज लष्करच्या वस्तीत जमला होता. म्हणजे हार्टमन यांचा हिंदुस्थानातील पहिला कळपच मुळी शिपाईगड्यांचा होता. तेथे ते फार दिवस राहिले नाहीत. 1845 साली आग्र्याच्या विस्तीर्ण मिशनचे विभाजन होऊन पाटण्याचे निराळे मिशन झाले, व त्याच्या मुख्यपदी त्यांची नेमणूक झाली. 1846 च्या मार्च महिन्यात त्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला.

पाटण्याच्या मिशनचा नकाशा थोर होता. धर्मगुरू बोटांवर मोजण्याइतके आणि तिजोरीत जवळजवळ काही नव्हते. बेतिया येथे जुन्या कापुचिनांनी वसविलेली देशी ख्रिस्ती वस्ती होती, पाटणा शहरात पादरी की हवेली या नावाने प्रसिद्ध असलेले जुने चर्च होते, आणि शहराच्या पश्चिमेस गंगेकाठी दानापूरची मोठी छावणी होती. या दानापुरानेच हार्टमनस्वामींच्या जीवनाचा एक धागा पक्का केला.

त्या काळी छावणीतील गोरा शिपाई म्हणजे साहेब नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कंपनीसरकारच्या बंगालकडील गोऱ्या पलटणींत 1825 ते 1850 या काळात जी भरती झाली तीत जवळजवळ निम्मे लोक आयर्लंडचे होते, आणि त्यांतील पुष्कळजण कॅथलिक होते. आयर्लंडात 1845 पासून बटाट्याचे पीक कुजून दारुण दुष्काळ पडला. दुष्काळात घर सोडणे म्हणजे काय, हे 1972 साल पाहिलेल्या मराठवाड्यास कोणी समजावून सांगावयास नको. पोटासाठी अंगठा उठवून ही मुले जहाजावर चढत आणि चार-पाच महिन्यांनी कलकत्त्यास किंवा मुंबईस उतरत. पुन्हा आयर्लंडचा किनारा पाहणारे त्यांत थोडे. लढाईत मरणाऱ्यांपेक्षा बराकीत मरणारे कितीतरी अधिक होते. 1863 साली विलायतेत जो सरकारी चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेचा मृत्यूचा आकडा दर साल दर हजारी 69 इतका दिला आहे, आणि तोही मुख्यत्वे ताप, हगवण, यकृताचे विकार व पटकी यांमुळे. दाटीने भरलेल्या बराकी, घाण पाणी, आणि सरकारी कँटीनमध्ये मिळणारी दारू. दुपारचे ऊन टळेपर्यंत बराकीत कोंडून घेतलेल्या या पोरांस खाटेवर पडून राहणे, पत्ते आणि बाटली यांखेरीज काम नसे.

अशा मुलांपैकी एखादा पटकीने पडला की बारा-चौदा तासांत आटोपत असे. त्या बारा तासांत त्याने धर्मगुरूची मागणी केली तर धर्मगुरू कोठून यावा? इंग्लंडच्या राजधर्माचे जे पाद्री होते ते सरकारी नोकर. त्यांस भरघोस पगार, रजा, पेन्शन, राहण्यास बंगला. कॅथलिक धर्मगुरूस मिळे तो केवळ एक जुजबी भत्ता, आणि तोही काही ठिकाणीच. एकेका धर्मगुरूकडे शेकडो मैलांचा प्रदेश. सबब, पापांगीकार न करता, पवित्र ख्रिस्तशरीर न घेता, अखेरचा तैलाभ्यंग न होता मेलेल्या कॅथलिक शिपायांची गणती कोण करणार? ज्या आईने गळ्यात पदक घालून मुलाला निरोप दिला होता तिला पलटणीकडून चार ओळींचे पत्र आणि शिल्लक पगार एवढेच जाई.

दुसरे दुःख याहून मोठे होते, आणि ते मेलेल्यांचे नसून मागे राहिलेल्यांचे होते. लग्नाची परवानगी पलटणीत थोड्यांनाच मिळे. अशा कुटुंबातील बाप मेला, मागोमाग आई गेली, की मुले उघडी पडत. 1847 साली सर हेन्री लॉरेन्स व त्यांच्या पत्नी ऑनोरिया या दांपत्याने सिमल्याजवळ सनावर येथे शिपायांच्या मुलांसाठी आश्रम काढला. हे दोघेही आयुष्यभर शिपायांचे हितचिंतक होते, त्यांचा उदारपणा खरा होता, आणि त्या कामात त्यांनी स्वतःचा पैसा ओतला. त्यांच्याबद्दल आम्हांस आदरच वाटतो. पण त्या आश्रमातील धर्मशिक्षण प्रॉटेस्टंट पद्धतीचे होते. म्हणजे कॅथलिक आयरिश शिपायाचे पोर अन्नवस्त्रासाठी तेथे गेले की बापाचा धर्म त्याच्यापुरता संपला. उत्तरेकडील कॅथलिक मिशनांनी याविरुद्ध ओरड केली. एवढी सोय होत असता ही कुरकुर कशाला, असे त्या वेळी पुष्कळांस वाटले असेल. हार्टमनस्वामींस तसे वाटले नाही. शिपायाने आपले प्राण सरकारला विकले, आपल्या लेकरांचा आत्मा विकला नव्हता, असा त्यांचा एकंदर पवित्रा होता. मात्र ते तक्रार करून बसले नाहीत. गंगेकाठी कुर्जी येथे त्यांनी मुलांसाठी कॅथलिक आश्रमाचे बी पेरले, आणि 1853 साली म्युनिककडील व्रतस्थ भगिनींना आणून बांकीपूर येथे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट सुरू करविले. कुर्जीची सेंट मायकल शाळा आजही हार्टमन यांस आपले संस्थापक मानते.

येथे आणखी एका माणसाचा परिचय करून दिला पाहिजे, कारण त्यावाचून ही कथा अर्धीच राहील. 1846 साली नेपल्सकडील एक तेवीस वर्षांचा कापुचिन, इग्नासिओ पर्सिको, नुकतीच गुरुदीक्षा घेऊन पाटण्यास आला. बिशपस्वामी त्रेचाळीस वर्षांचे, हा त्यांच्या मुलासारखा. एक थंड प्रदेशातला, मितभाषी, शिस्तीचा. दुसरा दक्षिण इटलीतला. प्रभूने शिष्यांना गावोगाव धाडले ते दोघे दोघे करून धाडले, असे मार्कच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. या दोघांची जोडी त्या धर्तीची होती. म्हाताऱ्याकडे विचार व चिकाटी, तरुणाकडे पाय व जीभ. (त्रेचाळीस वर्षांच्या माणसास आम्ही म्हातारा म्हणतो यावर कोणी हसू नये; त्या काळच्या बिहारात युरोपियन मिशनऱ्यास ते वय लाभणे हेच नवल होते.)

1849 साली रोमहून हुकूम आला की हार्टमन यांनी मुंबईच्या मिशनचा कारभारही पाहावा. मुंबईची स्थिती तेव्हा फार नाजूक होती. पोर्तुगालच्या राजाचा धर्मकार्यावरील जुना हक्क, ज्यास पाद्रोआदो म्हणत, त्याला मानणारे एका बाजूस, आणि रोमने थेट नेमलेल्या बिशपाला मानणारे दुसऱ्या बाजूस, असे कॅथलिक समाजाचे दोन तट पडले होते. एकाच चर्चच्या किल्ल्या दोघे मागत. 1853 साली वरच्या माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये तर हार्टमनस्वामींस विरुद्ध पक्षाने सुमारे दोन आठवडे वेढून ठेवले. बाहेरून अन्न येण्याचीही पंचाईत झाली. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून दरवाजा उघडविला, व चर्च पाद्रोआदो पक्षाच्या हाती गेले. या भांडणाची हकीगत आम्ही लांबवीत नाही. मुंबई, साष्टी व वसईकडील ज्या कुटुंबांशी आमच्यांतील काहींची सोयरीक आहे, त्यांचे पूर्वज दोन्ही तटांत होते, आणि दोन्ही तटांत श्रद्धाळू माणसे होती. दुहेरी सत्तेचा हा घोळ 1928 साली मिटला, तो आता मिटलेलाच राहू द्यावा. येथे सांगावयाचे ते इतकेच, की वेढ्यात उपाशी बसलेल्या या बिशपाच्या टेबलावर त्याच वर्षी दुसरे कागदही होते, आणि ते शिपायांचे होते.

मुंबईस येताच त्यांच्या ध्यानात आले होते, की आपल्या लोकांचे म्हणणे सरकारच्या कानी घालावयाचे तर छापखाना पाहिजे. 1850 च्या जुलै महिन्यात बॉम्बे कॅथलिक एक्झामिनर हे पत्र निघाले. यात पर्सिको त्यांचा उजवा हात होते. इंग्रजी ही दोघांचीही मातृभाषा नव्हे. तरी परकी भाषा शिकून, तीतच परक्या सरकारशी वाद घालण्याचे धाडस त्यांनी केले. ते पत्र पुढे दीड शतकाहून अधिक काळ मुंबई धर्मप्रांताची सेवा करीत राहिले. त्याच सुमारास त्यांनी धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी उघडली, आणि मुंबईचे काम जेझुइट संघाने अंगावर घ्यावे म्हणून खटपट केली. 1869 चे सेंट झेवियर कॉलेज ज्या जेझुइटांनी काढले ते या दाराने मुंबईत आले.

1853 साली कंपनीसरकारच्या सनदेचा काळ संपत होता, आणि पार्लमेंटात हिंदुस्थानच्या कारभाराची चर्चा चालू होती. अशी संधी वीस वर्षांतून एकदा येते, हे हार्टमनस्वामींनी ओळखले. त्यांनी पर्सिकोंना प्रथम रोमला व तेथून लंडनला धाडले. कॅथलिक शिपाई सरकारसाठी तितक्याच संख्येने मरतो. मग त्याच्या धर्मगुरूस उचित वेतन का नाही, त्याच्या अनाथ मुलांस स्वतःच्या धर्मात वाढण्याची सोय का नाही, कॅथलिक शाळांस मदत का नाही, आणि मिशनच्या बिशपास सरकार आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून का ओळखीत नाही, हे ते प्रश्न. तीस वर्षांचा हा तरुण संन्यासी लंडनच्या कचेऱ्यांतून फिरला. त्यात एक अनुकूल गोष्ट अशी घडली, की पुढच्याच वर्षी क्रिमियाची लढाई लागली, तीत कॅथलिक धर्मगुरू व व्रतस्थ भगिनी शिपायांच्या इस्पितळांत राबल्या, आणि इंग्लंडातील लोकमत थोडे मऊ झाले.

तथापि हिंदुस्थान सरकारचा 1856 सालचा ठराव हाती आला तेव्हा बिशपस्वामींची निराशा झाली. जे मागितले होते त्याचा काही अंश पदरात पडला, पण समानतेचे तत्त्व मान्य झाले नाही. दुसरा एखादा म्हणाला असता, मिळाले ते पदरी घ्या. त्यांनी त्या ठरावाचा समाचार घेणारे एक पुस्तकच इंग्रजीत लिहिले, आणि 1856 सालीच स्वतः युरोपास निघाले. या चिकाटीत हट्टाचा काही भाग होता, हे आम्ही नाकारीत नाही. त्यांच्याशी वागणे सोपे नव्हते, असे माहीमच्या प्रकरणावरूनही दिसते. साधुपुरुषांचा स्वभाव मेणासारखा असतो ही समजूत ज्यांची असेल त्यांनी कापुचिनांचा इतिहास वाचावा.

ते युरोपात असतानाच 1857 चे बंड उसळले. दानापूरच्या देशी पलटणी 25 जुलै रोजी उठल्या आणि बाबू कुंवरसिंहांना जाऊन मिळाल्या. ज्या छावणीत हार्टमनस्वामींनी आपल्या मिशनची पहिली वर्षे काढली तीच पेटली. पर्सिको या वेळी उत्तरेकडे आग्र्याच्या मिशनचे प्रमुख होते. त्यांच्या जिवावर अनेकदा बेतले. दोन्ही बाजूंची किती तरुण मुले त्या दोन वर्षांत मेली याचा हिशेब कोणी नीट ठेवला नाही. देशी शिपाईही कोणा आईचा मुलगाच होता, हे आज लिहिताना आमच्याने विसरवत नाही. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या लेखणीतून ती आठवण फार थोडी उतरली आहे.

1858 साली बिशपस्वामींनी मुंबईच्या पदाचा राजीनामा दिला. रोममध्ये कापुचिन संघाच्या सर्व मिशनांचा कारभार त्यांच्याकडे आला. इकडे त्याच साली दोन मोठे फरक घडले. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले. आणि ब्रिटिश सैन्यात कॅथलिक धर्मगुरूंस प्रथमच रीतसर अधिकारपत्रे मिळू लागली. याचे सारे श्रेय हार्टमन यांना देणे बरोबर होणार नाही. इंग्लंड-आयर्लंडातील बिशपांची खटपट व क्रिमियाचा अनुभव ही कारणे अधिक मोठी होती. पण हिंदुस्थानच्या बाजूने हे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे कोणी जिवंत ठेवले असे विचारले, तर त्यांचेच नाव प्रथम घ्यावे लागते. आजच्या भारतीय सैन्यात धर्मशिक्षकांची जी श्रेणी आहे, तीत पंडित, ग्रंथी व मौलवी यांच्याबरोबर पाद्रीही असतो. आमच्या गावचा मुलगा आजारी पडला तर लष्करी इस्पितळात पाद्रीस बोलावणे हे त्याचे याचनेचे काम राहिलेले नाही. ही व्यवस्था एका दिवसात झालेली नाही, आणि तिच्या आरंभाच्या पायऱ्यांत दानापूरची ती बराक आहे.

आता शेवटचा भाग, आणि आम्हांस तो सर्वांत प्रिय आहे. सत्तावन्न वर्षांच्या माणसास रोममध्ये सन्मानाची जागा मिळाली होती. प्रकृती खालावलेली. सोबतीचे बहुतेक कापुचिन बिहारच्या मातीत गेलेले. तरी 1860 साली पाटण्यास पुन्हा जाण्याचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा ते निघाले. या खेपेस बरोबर पर्सिको नव्हते; तेही प्रकृती बिघडून त्याच साली युरोपास परतले होते. जोडी फुटली. पहिल्या खेपेस ते आले तेव्हा चाळिशीचे, अंगात जोम असलेले. या खेपेस थकलेले, आणि बंडाने उद्ध्वस्त झालेल्या प्रांतात.

ही सहा वर्षे फार गाजावाजाची नाहीत. छावण्यांत नव्या पलटणी आल्या होत्या, नवी मुले आली होती, आणि तोच ताप व तीच पटकी होती. कुर्जीचा आश्रम वाढवावयाचा होता. देशी ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी पूर्वीच हिंदुस्थानी भाषेत धर्मप्रश्नोत्तरी तयार केली होती. आता नव्या कराराचे हिंदुस्थानी भाषांतर पुरे करून 1864 साली प्रसिद्ध केले. साठी ओलांडल्यावर, जन्मभाषा जर्मन असलेल्या माणसाने, आपल्या कळपाच्या भाषेत शुभवर्तमान उतरवावे, याची किंमत ज्याने कधी दोन पाने भाषांतर केले असेल त्यासच कळेल. शिपायांसाठी भांडणारे म्हणून त्यांची ख्याती झाली खरी, पण त्यामुळे बेतियाचा शेतकरी त्यांच्या नजरेआड झाला नव्हता.

1866 च्या उन्हाळ्यात पाटण्याकडे पटकीची साथ आली. एप्रिल महिन्यात बिहारात पाणी आटलेले, वारा भाजणारा. 24 एप्रिल रोजी कुर्जी येथे बिशपस्वामी हार्टमन पटकीने मरण पावले. वय त्रेसष्ट वर्षे दोन महिने. ज्या रोगाने त्यांची दानापूरची मुले काही तासांत जात, त्याच रोगाने ते गेले. आणि ज्या अनाथ मुलांसाठी त्यांनी जागा उभी केली होती त्याच जागी गेले.

लोक त्यांना साधू मानीतच होते. 1906 साली त्यांच्या संतपदाच्या चौकशीस रीतसर प्रारंभ झाला, आणि 1998 साली, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकीर्दीत, त्यांचे सद्गुण वीरोचित असल्याचा निर्णय होऊन त्यांस पूज्य ही पदवी मिळाली. धन्य म्हणून जाहीर होण्यास त्यांच्या मध्यस्थीने घडलेला एक सिद्ध चमत्कार लागतो. ज्या घरातील मुलगा सीमेवर आहे, त्या घरच्यांनी जपमाळेच्या शेवटी त्यांचे नाव घ्यावयास हरकत नाही.

त्यांच्या तरुण सोबत्याविषयी चार शब्द सांगून आम्ही लेखणी ठेवतो. पर्सिको बरे झाल्यावर अमेरिकेत गेले, तेथे सव्हाना शहराचे बिशप झाले, आणि पुढे रोममध्ये मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळू लागले. 1887 साली पोप तेरावे लिओ यांनी आयर्लंडात जमीनदार व कुळे यांच्यांतील झगड्याची चौकशी करण्यासाठी एक विश्वासू माणूस पाठविला. तो माणूस पर्सिकोच होता. 1893 साली त्यांस कार्डिनलपद मिळाले व 1895 मध्ये ते वारले. आयर्लंडला गेले तेव्हा त्यांचे वय चौसष्ट होते. दानापूर व मुंबईच्या बराकींत ज्या मुलांसाठी त्यांनी व त्यांच्या वडील सोबत्याने लंडनच्या पायऱ्या झिजविल्या होत्या, त्या मुलांची गावे त्यांच्या वाट्यास उतारवयात अशी आली.